गोळ्यांसोबतचा शिधा

क्षयरोगाचे निदान झाले की रुग्णाला आधी वजनकाट्यावर उभे करतात, कारण गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. २५ ते ३४ किलोला रोज दोन, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ किलोला चार. हे कोष्टक मोठ्या माणसांचे आहे. म्हणजे पंचवीस-तीस किलो वजनाची प्रौढ माणसे दवाखान्यात येतात, हे ते तयार करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी गावात 'जन स्वास्थ्य सहयोग' ही संस्था दवाखाना चालवते. तिथे २००४ ते २००९ या काळात आलेल्या १,६९५ क्षयरुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. पुरुषांचे मध्यक वजन भरले ४२.१ किलो आणि स्त्रियांचे ३४.१ किलो. ३४ किलोची बाई म्हणजे आपल्याकडच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीएवढी. तिच्या हातावर आपण गोळ्या ठेवतो आणि 'चांगलं खा' असे सांगून घरी पाठवतो. ती काय खाणार, हे विचारण्याची रीत वैद्यकाने मध्यंतरी सोडून दिली होती.

ती का सुटली, यामागे एक फार चांगले संशोधन आहे. जंतूवर चालणारी औषधे येण्यापूर्वी क्षयाचा इलाज म्हणजे सॅनेटोरियम. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत रुग्ण महिनोन् महिने राहत. मोकळी हवा, विश्रांती आणि दूध, अंडी असा सकस आहार हाच उपचार होता. तरीही थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी निम्मे पाच वर्षांत दगावत. नुसत्या आहाराने क्षय बरा होत नाही, हे तेव्हाच पुरते कळले होते. आजही कुणी पथ्यावर क्षय बरा करून देतो म्हणाला, तर त्याच्या दारात उभे राहू नये.

मग १९५६मध्ये मद्रासला केमोथेरपी केंद्र उभे राहिले. शहरातल्या गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात. आयसोनियाझिड आणि पीएएस ही औषधे दोघांना वर्षभर सारखीच. १९५९मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेल्या रुग्णांचे जेवण निकृष्ट होते, त्यांचे वजनही कमी वाढले, पण बरे होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे. या एका अभ्यासाने जगभरची सॅनेटोरियमे ओस पडली आणि लाखो गरिबांना घर न सोडता उपचार मिळाले. हे उपकार मोठेच. पण त्यातून 'औषध असले की आहार दुय्यम' असा धडा घेतला गेला, तो घ्यायला नको होता. थुंकीतले जंतू गेले का, हे त्या अभ्यासाने नेमके मोजले. चौतीस किलोची बाई पहिल्या दोन महिन्यांत जगते की नाही आणि तिच्या पोराला पुढे क्षय होतो का, हे वेगळे प्रश्न होते.

त्यांची उत्तरे झारखंडने दिली. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली २०१९ ते २०२२ या काळात तिथल्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' हा अभ्यास झाला. त्यात चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थाही होती, म्हणजे मद्रासचे तेच जुने केंद्र! २,८०० रुग्णांना दरमहा दहा किलोचा शिधा दिला: तांदूळ, भाजक्या हरभऱ्याचे सत्तू, दूधपावडर, तेल आणि जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या. रोजचे १,२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिने. पाचांतले चार रुग्ण कुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

यामागचे कारण शरीरात आहे. तापाने ऊर्जेची गरज वाढते आणि त्याच वेळी भूक मरते. शरीर मग आपलेच स्नायू जाळते. जंतूंना कोंडून धरणाऱ्या पेशी प्रथिनांवाचून दुबळ्या पडतात. औषधांचा यकृताला होणारा त्रासही कुपोषितांमध्ये जास्त दिसतो. आयसोनियाझिडमुळे शरीरातले ब६ जीवनसत्त्व कमी होऊन हातापायांना मुंग्या येतात, म्हणून पायरिडॉक्सिनची गोळी सोबत देतात. औषधे लागू पडली की काही आठवड्यांत भूक परत येते. नेमके तेव्हा घरातले डबे रिकामे असतील, तर ती संधी वाया जाते. अगदीच खंगलेल्या, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) १४ च्या खाली गेलेल्या रुग्णाला मात्र एकदम भरपेट वाढणे धोक्याचे. रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदय बंद पडू शकते. त्याला दवाखान्यात ठेवून अन्न हळूहळू वाढवावे लागते. मधुमेह असेल तर शिध्यातला भातही बेताने ठरवावा लागतो. म्हणून आहार हा औषधासारखाच मोजून, माणूस बघून द्यायचा.

रेशन्सचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. निम्म्या भागांत रुग्णाच्या घरच्यांनाही शिधा दिला: माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वे. एकूण १०,३४५ कुटुंबीयांवर लक्ष ठेवले. जिथे शिधा गेला तिथे क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि थुंकीतून पसरणारा फुफ्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. साधारण तीस कुटुंबांना शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो. लस नाही, नवे औषध नाही. डाळ-भात!

आपल्याकडे निक्षय पोषण योजनेत २०१८पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४पासून १,००० झाले. दिवसाला तेहतीस रुपये. मन लावून खर्च केले तर त्यात दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, गूळ आणि थोडे फुटाणे बसतात. पण ते पैसे घरात येतात. पोरे ताटाकडे बघत असताना स्वतःची अंडी एकटी खाणारी आई कुठल्या गावात सापडेल? रुग्णापुरता विचार केलेली मदत अशी चार तोंडांत वाटली जाते, आणि त्या आईला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

झारखंडचा शिधा आपल्या रेशन दुकानाशेजारी ठेवून पाहावा. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतेच, तेही २०२३पासून फुकट. म्हणजे धान्याची सोय आधीच झालेली आहे. उणी आहे ती माणशी दीड किलो डाळ. चार माणसांच्या घराला महिन्याला सहा किलो, सहा महिन्यांच्या उपचारात छत्तीस किलो. निदान झाल्या दिवशी गोळ्यांच्या पाकिटाबरोबर त्या घराचे रेशनकार्ड नोंदवून घ्यावे आणि पुढच्या महिन्यापासून ही डाळ त्याच दुकानातून सुरू करावी.