फ्री टी-फोरचा आकडा कुठे फसतो?

मंडळी, मघाशी मागच्या रांगेतून प्रश्न आला, "एकाच माणसाचे दोन लॅबचे थायरॉईड रिपोर्ट वेगळे कसे?" तिथूनच सुरुवात करू.

रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर, जवळजवळ सगळं प्रथिनांना चिकटून फिरतं. मोकळं असतं ते जेमतेम ०.०२ ते ०.०३ टक्के, आणि पेशींना उपयोगी पडतं ते एवढंच. पातळ पडद्यातून हे मोकळं हॉर्मोन वेगळं काढून मोजणं सगळ्यात खात्रीचं, पण ते वेळखाऊ आणि महाग. रोजच्या यंत्रावर आपण अँटिबॉडीच्या साहाय्याने त्याचा अंदाज घेतो. (होय, अंदाजच!) प्रत्येक कंपनीचं किट वेगळं, म्हणून नॉर्मल रेंजही वेगळी. गरोदरपणात प्रथिनांचं प्रमाण बदलतं, तेव्हा तर त्या महिन्यांसाठीची वेगळी रेंजच लावायला हवी.

आता केसांच्या गोळ्यांकडे येऊ. त्यांत बायोटिन असतं. दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि गोळीत पुष्कळदा ५ ते १० मिलिग्रॅम! आपल्या कित्येक किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची घट्ट पकड वापरलेली असते. रक्तातलं जादा बायोटिन त्या जागा आधीच अडवून बसतं आणि यंत्राला मिळणारा सिग्नल घटतो. टीएसएचच्या चाचणीत कमी सिग्नल म्हणजे कमी टीएसएच. फ्री टी-फोरची चाचणी मात्र स्पर्धेची, तिथे कमी सिग्नल म्हणजे जास्त हॉर्मोन. दोन्ही चुका एकाच दिशेला बोट दाखवतात: थायरॉईड वाढलाय. ठणठणीत माणसाला थायरॉईड दाबणारी औषधं सुरू होतात ती अशी. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली बायोटिनबद्दल इशारा दिला तो उगाच नाही.

हेपॅरिनचं तसं नाही. तिथे यंत्र नव्हे, नमुनाच बदलतो. हेपॅरिन घेतलेल्या रुग्णाचं रक्त नळीत पडून राहिलं की चरबीतून फॅटी ॲसिड सुटतात, ती टी-फोरला प्रथिनांवरून ढकलतात आणि फ्री टी-फोर खोटंच चढतं. नमुना लगेच तपासला तर हे बरंच टळतं.

तेव्हा रक्त द्यायला याल तेव्हा केसांची, नखांची, "नुसती व्हिटॅमिनची" गोळीसुद्धा सांगा. बायोटिन निदान दोन दिवस आधी बंद हवं. डोस मोठा असेल तर त्याहून जास्त, डॉक्टरांना विचारून. आणि थायरॉक्सिनची सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-फोर वर गेलेलं असतं.