आशाताई बाळ बघायला येते, त्यामागे पैसा कुणाचा होता?

मोहने-आंबिवली मागे टाकून मुरबाड किंवा शहापूरच्या गावांकडे गेलं की बाळंतिणीच्या घरी एक गोष्ट हमखास बघायला मिळते. बाळ तिसऱ्या दिवसाचं झालं की आशाताई दारात हजर. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करते, थर्मामीटर लावते, अंगावर ओढतंय का ते बघते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा येते. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाचीही फेरी असते. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून तिला 250 रुपये ठरले, ते किती कमी आहेत हा वेगळा विषय.

देशभर हे काम 2011 पासून आशांकडे आलं. पण घरी जाऊन केलेल्या अशा देखभालीने बाळं खरंच वाचतात, हा पुरावा त्याआधी महाराष्ट्रातल्याच गावांतून आला होता, आणि तो गोळा करायला कुणीतरी पैसे दिले होते.

गावात ‘चाचणी’ म्हटलं की रक्त-लघवीची तपासणी डोळ्यासमोर येते. क्लिनिकल ट्रायल वेगळी. तिच्यात एका गटाला नवा उपचार देतात, दुसऱ्याला नेहमीचाच, आणि दोन्हीकडे काय झालं ते मोजतात. दुसरा गट नसेल तर फरक उपचाराने पडला की त्या वर्षी पाऊसपाणी बरं होतं म्हणून, हे सांगता येत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत असंच केलं. 39 गावांत नवजात बाळांची घरी देखभाल, 47 गावांत नेहमीची व्यवस्था. 1993 पासून दोन वर्षं नुसती मोजणी झाली आणि 1995 पासून काम सुरू झालं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला उबेत ठेवणं, श्वास अडला तर हवा देणं आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, एवढं त्या करायला शिकल्या. सुरुवातीला या 39 गावांत जन्मलेल्या हजार बाळांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा 25 च्या आसपास आला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर वाचलं गेलं.

यात औषध जुनं आणि स्वस्त होतं. एका बाळाच्या देखभालीचा खर्च सुमारे सव्वापाच डॉलर. मोठा खर्च असतो तो मोजणीचा: 86 गावांत वर्षानुवर्षं प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवायची, ती दुसऱ्याने जाऊन पडताळायची, त्यासाठी माणसं, गाड्या, पगार. औषध कंपनी यात पैसा घालत नाही, कारण विकायला नवीन काही मिळत नाही. गडचिरोलीला मॅकआर्थर आणि फोर्ड या अमेरिकेतल्या प्रतिष्ठानांनी पैसे दिले. आपल्या गावच्या बाळांचा प्रश्न सोडवायला पैसा सातासमुद्रापलीकडून यावा, हे खटकण्यासारखंच आहे.

पैसा बाहेरचा असला की आणखीही प्रश्न उभे राहतात. तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होतं, निधी गेट्स फाउंडेशनचा. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने 34 बायका गेल्या, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न केलेल्या गटात 64. निष्कर्ष जगाच्या कामाला आला. पण 31 हजारांहून जास्त बायकांना तपासणीविना का ठेवलं, अशी टीकाही झाली. ‘तिथे नाहीतरी कुणाची तपासणी होत नव्हती’ हे उत्तर अर्धंच पटतं. पुढे सरकारने 2016 मध्ये कार्यक्रम आखला तेव्हा एचपीव्हीऐवजी व्हिनेगरसारखं द्रावण लावून बघायची स्वस्त पद्धत निवडली. ज्या बायकांनी पुरावा दिला, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ती तपासणी कार्यक्रमातून गेली नाही. चाचणीला निधी मिळाला, पण पुढच्या खर्चाचा धनी कुणी ठरवला नव्हता.

देशातला पैसा अगदीच नाही असंही नाही. आयसीएमआर संशोधनाला अनुदान देते. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये असलेल्या डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे. कंपन्यांचा सीएसआर निधीही आयसीएमआरसारख्या सरकारी संस्थांच्या संशोधनाला देता येतो. डोंबिवली, अंबरनाथ, मुरबाडच्या एमआयडीसीतल्या ज्या कंपन्या या कायद्यात बसतात, त्यांनाही ही वाट मोकळी आहे.

उद्या आपल्या पाड्यावर असं पथक आलं तर? नव्या औषधाची किंवा लसीची चाचणी असेल तर 2019 चे नियम लागू होतात. माहितीपत्रक समजेल अशा भाषेत हवं. सही करता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. संमतीपत्राची एक प्रत घरी ठेवायला मिळायला हवी. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. मधूनच ‘नको’ म्हणता येतं, त्यामुळे सरकारी दवाखान्यातले नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

शिवाय अशा चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावीच लागते. पथकाकडून नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. ती इंग्रजीत आहे, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या पोराला शेजारी बसवावं. चाचणी कुठे चालू आहे, जबाबदार डॉक्टर कोण, हे तिथे असतं. आणि पैसा कुणाचा, त्यासाठी वेगळा रकाना असतो.