हातावरचं नाव

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी हातावर गोंदवून घेतलं. बुलढाण्यासारख्या गावात अशी बातमी लपत नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकाने, "नव्या कादंबरीसाठी का हो?" असं विचारलं, दुसऱ्याने नुसतंच हसून घेतलं. बायकोने तर निघण्यापूर्वीच सुनावलं होतं, "निवृत्त झालेली माणसं काशी-रामेश्वर करतात. तुम्हाला हे काय सुचलं?"

काय सुचलं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

आमच्या लहानपणी गोंदण्यासाठी कुठे जावं लागत नसे. गोंदणारीण दारात येई, नाहीतर जत्रेत बसलेली सापडे. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया आणि दिव्याच्या काजळीची खललेली शाई, एवढाच तिचा संसार. पोरीचा हात मांडीवर घट्ट धरायचा, ती रडू नये म्हणून गाणं म्हणायचं आणि टोचत जायचं. वरून हळद चोळली की काम झालं. मोबदला पसाभर ज्वारी. कपाळावर टिंब, हनुवटीवर टिंब, हातावर तुळशीवृंदावन, सीतेची पावलं, एखादीच्या मनगटावर विंचू. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद-संग्रामपूरकडे गेलात तर म्हाताऱ्या कोरकू बायांच्या कपाळावर अजूनही जुनं गोंदण दिसेल. आयाबाया सांगत, सोनंनाणं सगळं इथंच राहतं, मेल्यावर गोंदण तेवढं संगं येतं.

बँकेत लागल्यावर गोंदणाशी माझा संबंध आला तो निराळ्याच कारणाने. खातेदार निरक्षर असला की सहीच्या जागी अंगठा, शेजारी फोटो, आणि खाली एक रकाना असे: 'ओळखीच्या खुणा'. पुरुषांच्या बाबतीत तिथे तीळ किंवा विळ्याचा जुना व्रण लिहिला जाई. बायकांच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच: 'डाव्या हातावर गोंदण'. असं किती अर्जांवर मी लिहिलं असेल, हिशेब नाही.

१९८० च्या दशकातली गोष्ट. जिल्ह्यातल्याच एका खेड्यातल्या शाखेत मी होतो. एक मजूर बाई स्वतःच्या खात्यातले दोनशे रुपये काढायला आली. निंदण-खुरपण करून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. ठसा म्हणजे नुसता निळा डाग उमटला. पासबुकावरचा फोटो पावसात भिजून गेलेला. मी रकाना पाहिला आणि तिला हात पुढे करायला सांगितलं. हातावर गोंदण होतं, पण त्यात नाव होतं आणि ते खात्यावरचं नव्हतं. मी म्हणालो, ओळख पटवायला कुणाला तरी घेऊन या. ती म्हणाली, "थे कागदावरचं नाव सासरचं हाय साहेब. हे मायं हाय."

तिचं म्हणणं मला समजलं नव्हतं असं नाही. पण कागद म्हणजे कागद. ती उन्हात परत गेली आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पोलीस पाटलाला घेऊन आली. पैसे मोजून घेताना सहज बोलून गेली, की ते लेकीच्या बाळंतपणासाठी हवे होते. आता बाळंतपण होऊन गेलं. नियमाने मी बरोबर होतो. त्या दिवशी डबा मात्र गोड लागला नाही.

ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही. आईला तर नाहीच, कारण तिच्याही डाव्या हातावर नावच होतं. देऊळगावराजाच्या बालाजीच्या यात्रेत, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी गोंदलेलं. गोंदणारणीला अक्षर येत नव्हतं. कुणीतरी कोळशाने जमिनीवर लिहून दिलं आणि तिने पाहून टोचलं. त्यात वेलांटी उलटी पडली. पुढे लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि तेव्हापासून रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा, आधार, सगळीकडे आई त्या नव्या नावाची झाली. जुन्या नावाने हाक मारणारे मामा-मावश्या एकेक करून गेले.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरताना माझ्या लक्षात आलं, की तिचं जन्माचं नाव आता कुठेच लिहिलेलं नाही. शाळेत ती गेलीच नव्हती. ज्या एका जागी ते होतं, ती जागा आपण आदल्याच दिवशी अग्नीला दिली. आयाबाया म्हणत ते खरंच होतं, गोंदण तिच्यासोबत गेलं.

पुतण्याच्या फोनमध्ये मात्र एक फोटो निघाला. सलाईनने हात सुजला होता, तो डॉक्टरांना दाखवायला त्याने काढला होता. सुजेखाली चार अक्षरं दिसत होती, उलट्या वेलांटीसकट.

पुढची व्यवस्था पुतणीने केली. छत्रपती संभाजीनगरला एक मुलगी यंत्राशिवाय, हातानेच गोंदते. फोनवर निरोप गेला, फोटो गेला. तिने विचारलं: साखर आहे का? रक्तदाब? रक्त पातळ करायच्या गोळ्या? जखम लवकर भरते का? एवढी चौकशी आम्ही पीककर्ज देतानाही करत नसू. पाचशे रुपये आगाऊ भरल्यावर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. येताना पोटभर जेवून या, रात्रीची झोप नीट घ्या, एवढ्या सूचना.

तिथे गेल्यावर संमतीपत्र पुढे आलं. मी ते सगळं वाचून मग सही केली. तिने सांगितलं, असं करणारे तुम्ही पहिलेच. सुईचं बंद पाकीट माझ्यासमोर फोडलं. त्यावरची मुदतीची तारीखही मी वाचली. सवय! नवे हातमोजे, शाईची टोपणाएवढी वाटी, कामानंतर फेकून द्यायची. हातावरची लव काढून तिने आधी जांभळा ठसा उमटवला आणि विचारलं, "काका, ही वेलांटी उलटी आहे. सरळ करू का?"

"नको," मी म्हणालो. "तशीच राहू दे."

काडीला बसवलेली सुई शाईत बुडवायची आणि टोचायची. एक टिंब, त्याच्याशेजारी दुसरं. दुखतं, पण मुंग्या चावाव्यात इतकंच. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, म्हणून शाई त्याखालच्या थरात जावी लागते. फार खोल गेली तर अक्षर फुटतं. आत शरीरातल्या पेशी ती शाई गिळून धरून ठेवतात आणि त्या मेल्या की नव्या पेशी तीच शाई पुन्हा उचलतात. ती सांगत होती आणि मला वाटत होतं, आपल्या घरात हे काम कुणी केलंच नाही. चार अक्षरांना दीड तास लागला. आईसाठी गाणं होतं. माझ्यासाठी पंख्याचा आवाज.

घरी आल्यावर बायको हळदीचा डबा घेऊन उभी. पण तशी ताकीद होती: ताज्या जखमेवर डब्यातली हळद नको. दिवसातून दोनदा बिनवासाच्या साबणाने हलकेच धुवायचं, टिपून कोरडं करायचं, मलमाचा पातळ हात द्यायचा. दोन-तीन आठवडे ऊन नको, पोहणं नको. पाचव्या दिवशी अशी खाज सुटली की सांगता सोय नाही. पण खपली नखाने काढली की शाईही निघते, म्हणून तळहाताने थोपटत बसलो. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर सरळ डॉक्टरकडे जायचं. वर्षभर रक्तदान करता येणार नाही, हेही सांगितलं होतं.

घरातली मुलं हट्ट करत असतील त्यांनी एक ध्यानात ठेवावं. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना टोचतात, तिथे कावीळ 'बी', 'सी' आणि एचआयव्हीचा धोका असतो. सुई आपल्यासमोर फोडली नाही तर हात मागे घ्यावा. आणि वय अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावं.

बाराव्या दिवशी खपली पूर्ण गेली. खाली आईचं नाव नीट दिसलं, उलट्या वेलांटीसकट. बायकोने चष्मा लावून ते वाचलं, मोठ्याने वाचलं. घरात ते नाव कितीतरी वर्षांनी उच्चारलं गेलं असेल. मग चहाचे कप उचलता उचलता तिने विचारलं, "माझं लग्नाआधीचं नाव आठवतं का हो तुम्हाला?"

आठवलं. पण थोडा वेळ लागला.