तळावरची वीज घेताना बिऱ्हाडाची राखण



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे ओस पडू लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, वडवणी, धारूर, केज या भागांतली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातो, कोणी सातारा, पुणे, सोलापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. पुढचे पाच-सहा महिने कारखान्याचा तळ हेच त्यांचे गाव आणि पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी हेच घर.

पूर्वी या बिऱ्हाडात कंदील आणि रॉकेलची बाटली असे. आता मोबाईल, एलईडी दिवे, टेबलपंखा आणि पाणी तापवायची कॉइल असते. म्हणजे वीज हवीच. पण ती कशी मिळते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. घरी मीटर असते, फ्यूज असतो, मेन स्विच असतो. तळावर मात्र कुठल्या तरी खांबावरून पातळ वायर येते, काठ्यांवरून चार कोप्या ओलांडते आणि पाचटात शिरते. आई-बाप पहाटे फडात जातात आणि मागे लहान मुले त्याच वायरीजवळ खेळतात. म्हणून निघण्याआधीच हा विचार करायला हवा.

एक तार आणि जमिनीतली सळई

खांबावर एकच आकडा टाकायचा, दुसरी तार सळईला बांधून सळई ओल्या जमिनीत ठोकायची, आणि दिवा लावायचा. हा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. दिवा लागतो हे खरे, पण त्या सळईभोवतीची माती विजेने भारते. तेथून जाणाऱ्या माणसाला झटका बसतो. बैलाला धोका त्याहून मोठा, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते आणि वीज एका पायातून चढून छातीवाटे दुसऱ्या पायात उतरते. दावणीजवळ अशी सळई ठोकणे म्हणजे आपल्या हाताने जोडी घालवणे. शिवाय आकडा टाकणे ही वीजचोरी आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुष्कळांना वाटते, सळई ठोकली म्हणजे अर्थिंग झाले, आता भीती नाही. हिशेब करून पाहा. सळईभोवतीच्या मातीचा विरोध ५० ओहम धरला, तर २३० व्होल्टला तिच्यातून साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. एवढ्याने फ्यूज वितळत नाही. वीज गळतच राहते आणि माणूस मात्र त्याच्या कितीतरी कमी प्रवाहाने दगावतो.

दिवे एकाएकी का भडकतात?

खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. वेगवेगळ्या ओळींतल्या कोप्या वेगवेगळ्या फेजवर असतात आणि न्यूट्रल सर्वांना सामाईक असतो. त्याचा सांधा ढिला झाला किंवा तुटला, तर ज्या ओळीत भार कमी तेथे दाब चढतो. २३० ऐवजी तो ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. चार्जर फुटतात, पंखे जळतात आणि पाचटाला ठिणगी लागायला वेळ लागत नाही. शेजारच्या ओळीत कोणी कॉइल लावली आणि आपला पंखा एकदम जोराने फिरू लागला, तर ही पहिली सूचना समजा. ताबडतोब सर्व बंद करा.

राखणदार पेटी बरोबर न्या

अमेरिकेत पुष्कळ कुटुंबे घरगाडी घेऊन फिरतात. मुक्कामाच्या जागी खांबावरची वीज कशी असेल याचा भरवसा नसतो, म्हणून खांब आणि गाडी यांच्यामध्ये ती आपली राखणदार पेटी लावतात. आपले बिऱ्हाडही फिरतेच आहे, तेव्हा हीच युक्ती आपल्याला लागू पडते. टोळीतल्या चार-पाच घरांनी मिळून, जाणत्या वायरमनकडून गावातच अशी पेटी बांधून घ्यावी. तिच्यात तीन वस्तू हव्यात.

१. आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज तो सारखी तोलत असतो. थोडी जरी माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, तरी तो डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडतो. मात्र दोन्ही तारांना एकदम हात लागला तर त्याला ते कळत नाही. त्याचे 'टेस्ट' बटण प्रत्येक नव्या तळावर दाबून पाहा.

२. एमसीबी, ६ किंवा १० अँपिअरचा. वायरीवर भार वाढला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या तर हा पडतो. आरसीसीबी हे काम करीत नाही, म्हणून दोन्ही हवेत.

३. व्होल्टेज प्रोटेक्टर. दाब फार चढला किंवा फार उतरला की वीज तोडतो.

पेटी कोपीत नव्हे, खांबाकडच्या टोकाला लावा, म्हणजे मधली वायरही तिच्या राखणीत येते. पेटीवर पाऊस पडू देऊ नका आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

कोपीतली काळजी

वायर अखंड घ्या, जोड नको. दिवे आणि चार्जरला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. कॉइलसाठी दीड, आणि लांब अंतर असेल तर अडीचची लागते. वायरीचे वेटोळे तसेच ठेवून भार टाकू नका, ते तापते. बादलीत बोट घालून पाणी पाहण्यापूर्वी कॉइलचे बटण बंद करून पिन काढा. फडात जाताना पेटीच बंद करून जा. विजेच्या तारांखाली कोपी घालू नका, आणि तेथे भरल्या ट्रॉलीवर चढूही नका.

नुसता दिवा आणि मोबाईल एवढीच गरज असेल, तर १२ व्होल्टचा छोटा सौर संच बरोबर न्या. त्याने झटका बसण्याची भीती जवळजवळ नाही.

मुकादमाशी आधीच बोला

उचल ठरते तेव्हाच दिवा-पाण्याचे ठरवून घ्या. तळासाठी वीज कंपनीकडून रीतसर तात्पुरती जोडणी आणि परवानाधारक वायरमनने केलेले अर्थिंग मागा. महावितरणच्या हद्दीत तार तुटली किंवा खांबाला वीज उतरली तर १९१२ वर कळवा.

कोणाला विजेने धरलेच, तर त्याला हात लावू नका. आधी वीज तोडा. ते जमले नाही तर कोरड्या लाकडाने तार दूर सारा. ऊस हाती घेऊ नका, तो रसाने ओला असतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि १०८ ला फोन लावा.

आपल्याच जिल्ह्यात परळीला वीज तयार होते. तिच्या उजेडात आपली मुले सुखरूप राहावीत, एवढ्यासाठी यंदा बिऱ्हाड बांधताना कोयत्यांशेजारी ही पेटीही ठेवा.