विश्लेषण : पाळीत अतिरक्तस्राव, असह्य वेदना… ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला कधी योग्य?

‘दोन मुलं झाली आहेत ना? मग पिशवी काढून टाका, कायमची कटकट मिटेल.’ अंगावरून जास्त जाते किंवा पाळीत पोट असह्य दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेक महिलांच्या कानावर हे वाक्य पडते. काहींसाठी तो सल्ला योग्यही असतो. पण तो पहिल्याच भेटीत, सोनोग्राफीच्या एका कागदावरून आणि गोळ्यांचा साधा प्रयत्नही न करता दिला जात असेल, तर थांबून विचार करायला हवा. कारण गर्भाशय काढणे आणि जपणे या दोन टोकांच्या मध्ये उपचारांचे बरेच पर्याय आहेत. ते कोणते, कोणासाठी आणि त्यांची किंमत काय मोजावी लागते, याविषयी…

हे दोन्ही आजार एकच आहेत का?

नाहीत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. ती अंडाशयावर, गर्भनलिकांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर असते. तिथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. त्यामुळे या आजाराचे मुख्य लक्षण वेदना हे आहे. पाळीत, पाळीच्या आधी, शरीरसंबंधाच्या वेळी, शौचाच्या वेळी दुखते. काहींच्या बाबतीत मूल न होणे हेच पहिले लक्षण ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात 19 कोटी महिला व मुलींना हा आजार आहे.

अतिरक्तस्राव हा आजार नसून लक्षण आहे. त्यामागे फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप, थायरॉइडचा विकार, संप्रेरकांचे असंतुलन, रक्त गोठण्यातील दोष अशी अनेक कारणे असू शकतात. अ‍ॅडेनोमायोसिस हे आणखी एक कारण. यात अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या स्नायूंतच घुसते, त्यामुळे दुखणेही असते आणि स्रावही जास्त. एंडोमेट्रिओसिस असलेल्या अनेकींना अ‍ॅडेनोमायोसिसही असतो. म्हणून ‘गर्भाशयाला सूज आहे’ एवढे ऐकून घरी परतू नये. सूज हे निदान नव्हे. नेमके कारण काय, हे विचारायलाच हवे, कारण उपचार त्यावरच ठरतात.

‘जास्त’ म्हणजे किती?

पुस्तकी व्याख्या एका पाळीत 80 मिलिलीटरहून अधिक रक्त जाण्याची आहे. पण घरात कोण मोजणार? त्यामुळे आता महिलेच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होत असेल तर तो अतिरक्तस्राव, असे मानले जाते. दर तास-दोन तासाला पॅड बदलावे लागणे, रात्री उठावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे, सात दिवसांहून अधिक स्राव होणे या खुणा आहेत. ‘आमच्या घरात सगळ्यांनाच असं होतं’ हे उत्तर तर अजिबात समाधानकारक नाही, कारण फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस आणि रक्त गोठण्यातील काही दोष घराण्यात चालत येऊ शकतात. मुलीला पहिल्या पाळीपासूनच अतिस्राव होत असेल तर त्या दोषांची तपासणी करून घ्यावी.

दुसरा प्रश्न रक्तक्षयाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. दर महिन्याला जास्त रक्त जाणारी महिला धाप लागते, गळून जायला होते म्हणून टॉनिक घेत राहते आणि मूळ कारण तसेच राहते. हिमोग्लोबिनबरोबर शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन ही चाचणीही करावी. उपचार कोणताही निवडा, लोह भरून काढणे हा त्याचा पहिला भाग असतो.

शस्त्रक्रियेआधी कोणत्या गोळ्या?

ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड ही गोळी संप्रेरक नाही. ती रक्ताची गुठळी टिकवून धरते. पाळीच्या जास्त स्रावाच्या दिवसांतच, साधारण चार दिवसांपर्यंत घ्यायची. स्राव जवळपास निम्म्याने कमी होऊ शकतो. ज्यांना पूर्वी पायाच्या शिरांत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, त्यांना ती चालत नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिड वेदना आणि स्राव दोन्ही कमी करते. पण ही गोळी आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून सहज, चिठ्ठीविना उचलली जाते. त्यामुळे हेही माहीत हवे, की नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीय औषधकोश आयोगाने तिच्यामुळे क्वचित होणाऱ्या गंभीर अ‍ॅलर्जीबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. गोळी घेतल्यानंतर अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणे असे झाले तर ती थांबवून डॉक्टरांकडे जावे.

त्यापुढची पायरी संप्रेरकांची. गर्भनिरोधक गोळ्यांनी स्राव आणि वेदना दोन्ही कमी होतात. मात्र उच्च रक्तदाब, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात. नॉरएथिस्टेरॉन हे नाव कदाचित अपरिचित वाटेल, पण गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी घरोघरी घेतली जाते ती हीच गोळी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत ती अतिरक्तस्रावावरचे औषध आहे. एंडोमेट्रिओसिससाठी सध्या डायनोजेस्टची 2 मिलिग्रॅमची रोजची गोळी मोठ्या प्रमाणावर दिली जाते. तिच्यामुळे वेदना कमी होतात, पण सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात आणि काहींची मनःस्थिती खालावते. तसे झाल्यास ‘सहन करा’ असे ऐकून घेऊ नये, औषध बदलता येते.

या सर्व गोळ्यांची मर्यादा एकच. त्या आजार मुळापासून काढत नाहीत. बंद केल्या की त्रास परत येऊ शकतो. शिवाय संप्रेरके सुरू असताना सहसा गर्भधारणा होत नाही. त्यामुळे लगेच मूल हवे असलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णाला डायनोजेस्टवर वर्षभर ठेवण्यात अर्थ नाही. तिला वंध्यत्वतज्ज्ञाकडे वेळेत पाठवणे महत्त्वाचे.

तांबी बसवायची की तिला घाबरायचे?

इथे एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. तांबी म्हणजे कॉपर-टी. तिच्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो, हे खरे. पण अतिरक्तस्रावावर बसवले जाते ते साधन वेगळे आहे. दिसायला तसेच, पण त्यात तांबे नसून 52 मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असते आणि ते गर्भाशयाच्या आतच थोडे थोडे झिरपते. ‘मिरेना’ हे त्याचे सर्वाधिक परिचित नाव. अस्तर पातळ राहते, स्राव खूप कमी होतो, काहींची पाळी जवळजवळ बंद होते. ही बंद झालेली पाळी ‘आत साचत’ नाही, अस्तरच तयार होत नसते. अस्तरावर याचा परिणाम साधारण पाच वर्षे राहतो आणि मूल हवे असेल तेव्हा साधन काढता येते.

ब्रिटनमधील 571 महिलांवरील ‘एक्लिप्स’ चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या गोळ्यांपेक्षा या साधनाने रोजच्या आयुष्यावरील त्रास अधिक कमी होतो, असे त्यात दिसले. मग आपल्याकडे ते मागे का? एकतर काही हजार रुपये एकरकमी मोजावे लागतात. दुसरे, पहिले तीन ते सहा महिने मधूनच डाग पडतात, आणि याची कल्पना आधी न दिल्याने महिला ते काढून टाकायला सांगतात. हा दोष साधनाचा कमी, समजावून न सांगण्याचा अधिक. खूप मोठ्या गाठींनी गर्भाशयाचा आकार बिघडला असेल तर मात्र ते टिकत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एंडोमेट्रिओसिस बरा होतो?

पूर्वी पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्के मानत नसत. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत ही भूमिका बदलली. लक्षणे, तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधारे औषधे सुरू करता येतात. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून आजार नाही, असे मात्र नाही. वरवरचे ठिपके त्यात दिसत नाहीत.

औषधांनी भागत नसेल, आतडे किंवा मूत्रमार्ग गुंतला असेल किंवा मूल हवे असेल तर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया उपयोगी ठरते. पण त्यानंतरही अनेकींना आजार पुन्हा होतो. म्हणून पुढे काही वर्षे औषध किंवा संप्रेरकयुक्त साधन सुचवले जाते. अंडाशयातील ‘चॉकलेट सिस्ट’ काढताना निरोगी स्त्रीबीजेही काही प्रमाणात गमावली जातात. त्यामुळे मूल हवे असणाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी एएमएच तपासणी आणि बीजे गोठवण्याचा पर्याय यांविषयी बोलून घ्यावे. एकाच अंडाशयावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया टाळलेली बरी.

मग पिशवी कधी काढावी?

कर्करोग असेल, गाठी खूप मोठ्या असतील, अ‍ॅडेनोमायोसिसने हैराण केले असेल, औषधे आणि संप्रेरकयुक्त साधन वापरूनही स्राव थांबत नसेल आणि पुढे मूल नको असेल, तर गर्भाशय काढणे हा चांगला उपाय आहे. पाळी कायमची थांबते. अशा महिलेला ‘अजून थोडं सोसा’ म्हणणे हाही अन्यायच. मात्र एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असतो. त्या ठिकाणची ऊती तशीच ठेवून केवळ पिशवी काढली, तर वेदना राहू शकतात. अतिरक्तस्रावात फक्त आतील अस्तर नष्ट करण्याची प्रक्रियाही उपलब्ध आहे, पण मूल हवे असणाऱ्यांसाठी ती नाही.

पिशवीबरोबर अंडाशये काढायची का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच विचारला पाहिजे. ती काढली की रजोनिवृत्ती एका दिवसात येते. पंचेचाळिशीच्या आत असे झाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते.

महाराष्ट्रात याची चर्चा का झाली?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमुळे. 2019 मध्ये हा प्रश्न देशभर गाजल्यानंतर विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतील 82 हजार 309 महिलांपैकी 13 हजार 861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे जवळपास 17 टक्के. देशपातळीवर 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असली, तरी तफावत दुर्लक्षिण्यासारखी नाही. फडावर स्वच्छतागृह नाही, पाळीत सुट्टी घेतली तर उचलीतून दंड कापला जाणार, आणि ‘कॅन्सर होईल’ ही भीती. अशा स्थितीत दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे का? 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले.

डॉक्टरांना काय विचारावे?

नेमके निदान काय, ते कशावरून, कोणती औषधे किंवा साधन वापरून पाहिले नाही आणि का, अंडाशये राहणार की नाही. वय 45 हून अधिक असेल तर अस्तराचा तुकडा तपासला का, हेही विचारावे. रजोनिवृत्तीनंतर थेंबभर रक्त दिसले तरी तपासणी लगेच हवी. शस्त्रक्रिया कर्करोग किंवा न थांबणाऱ्या रक्तस्रावासाठी नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला वेळ असतो. आणि पिशवी काढलीच, तर ती पॅथॉलॉजी तपासणीला पाठवली गेली का ते विचारून तो अहवाल आणि शस्त्रक्रियेचा तपशील असलेला कागद घरी आणावा. पुढे कोणत्याही डॉक्टरकडे जाताना तेच दोन कागद पहिल्यांदा मागितले जातात.