पिकअपच्या केबिनमधला आवाज

विदर्भातल्या खामगावची बाजारपेठ कापसावर उभी राहिली आणि जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्ग १८७० साली सुरू झाला तोही या कापसासाठीच. आज आसपासच्या खेड्यांतून कापूस, सोयाबीन आणि तूर बाजारात आणण्याचे बरेचसे काम पिकअप करतात आणि हंगामात चालकाचे दिवसच्या दिवस केबिनमध्ये जातात. या काळात सोबत असते ती टेपची, म्हणजे गाडीतल्या गाणी वाजवणाऱ्या यंत्राची. परंतु मालवाहू गाडीची किंमत आवाक्यात ठेवताना पहिली कात्री लागते ती ध्वनियंत्रणेलाच, त्यामुळे अनेक पिकअपमध्ये कंपनीकडून टेप येतच नाही आणि जिथे येतो तिथे त्यासोबतचे स्पीकर जेमतेम असतात.

स्पीकरची मूळ रचना १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी मांडली आणि ती आजही फारशी बदललेली नाही. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे बारीक वेटोळे, म्हणजे कॉइल, बसवलेले असते. तिच्यातून टेपकडून येणारा विद्युतप्रवाह वाहिला की ती पुढे-मागे हलते आणि तिला चिकटलेला शंकूसारखा पडदा समोरची हवा ढकलतो. पडद्याच्या कडेला लवचीक गोट असतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बंद केबिन त्याहूनही तापते आणि अशा उष्णतेत फोमचा गोट काही वर्षांत भुरभुरा होऊन फाटतो, म्हणून या भागात रबरी गोटाचा स्पीकर घेणे शहाणपणाचे ठरते.

तथापि नवा स्पीकर घेण्याआधी ज्या दारात तो बसणार त्या दाराकडे पाहायला हवे, कारण पैशाचे चीज होते किंवा माती होते ते तिथेच. पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, म्हणजे पुढची व मागची लहर एकमेकींच्या उलट असतात. दाराच्या आतल्या पत्र्याला काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेसाठी मोठमोठी भोके ठेवलेली असतात. या भोकांतून मागची लहर पुढे येते आणि दोन्ही लहरी परस्परांना खोडून काढतात. या खोडाखोडीत सर्वांत आधी मरतो तो बेस, म्हणजे ढोलकी आणि पखवाजाचा भरीव स्वर. उपाय सोपा आहे. दाराचे पॅड काढावे, बाहेरच्या पत्र्याला आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली ब्युटिल रबरची चिकट शीट लावावी, म्हणजे पत्र्याचा थरथराट कमी होतो, आणि आतल्या पत्र्याची भोके तशाच शीटने बंद करावीत. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतच असते, त्यामुळे दाराच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके मात्र कधीही बुजवू नयेत, नाहीतर दार आतून गंजते. एवढे काम नीट केले तर जुना स्पीकरसुद्धा बदललेला वाटतो. ते न करता बसवलेला महागडा स्पीकर उघड्या भोकांमुळे वायाच जातो.

दुसरा घोटाळा वॅटचा. टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. व्होल्टचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ४ ओहम विद्युतरोधाने भागले तर सुमारे ५२ वॅट येतात, परंतु हा आकडा पूर्णपणे फाटलेल्या आवाजाचा असतो. स्वच्छ आवाजासाठी सैद्धांतिक मर्यादाच जवळजवळ २६ वॅटची आहे आणि प्रत्यक्षात साधारण २० वॅट हाती लागतात. सलग देता येणाऱ्या या शक्तीला आरएमएस म्हणतात आणि खरेदी करताना पाहायचा आकडा तोच. शक्ती वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा नसेल, तर स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर मिळणारी डेसिबल पातळी, अधिक असलेला स्पीकर निवडावा, कारण संवेदनशीलता ३ डेसिबलने जास्त असली की तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती पुरते.

सिंगल केबिनच्या पिकअपमध्ये सीटमागे लगेच पत्रा असतो आणि वूफरच्या, म्हणजे बेससाठीच्या मोठ्या स्पीकरच्या, पेटीला जागा राहत नाही. डिझेल इंजिनाची घरघर मुख्यतः खालच्या स्वरांत असल्याने तिच्याशी बेसने झुंजण्यापेक्षा गायकाचे शब्द स्पष्ट ऐकू येतील याकडे लक्ष द्यावे. पडद्याच्या मध्यभागीच ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, असलेला कोअ‍ॅक्सियल स्पीकर यासाठी पुरेसा आहे. ट्विटर वेगळा असलेला कम्पोनंट संच अधिक सरस वाजतो, कारण त्याचा ट्विटर कानाच्या उंचीवर बसवता येतो.

जोडणीत उलटसुलट तार ही नेहमीची चूक. एका स्पीकरची धन-ऋण अदलाबदल झाली की एका दाराचा पडदा बाहेर येताना दुसऱ्या दाराचा आत जातो आणि बेस नाहीसा होतो. स्पीकरचे धन-ऋण ओळखण्यासाठी त्याच्या अग्रांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. धन टोक धन अग्राला लागले की पडदा बाहेर सरकतो. मूळ वायरिंग कापण्याऐवजी योग्य कपलर वापरावा. अ‍ॅम्प्लिफायर लावल्यास बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे, कारण डिझेल गाडीच्या हादऱ्यांनी तार पत्र्यावर घासते आणि फ्यूज नसलेली तार पेट घेऊ शकते.

आवाज वाढवण्यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर ८० डेसिबल ही सुरक्षित पातळी आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू आलाच पाहिजे. हौद्यात भिंतीएवढे डीजे लावणे हा वेगळा विषय. त्यालाही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

तेव्हा पिकअपधारकांनी दुकानातल्या फळीवर वाजणाऱ्या स्पीकरवरून निर्णय घेऊ नये. इंजिन चालू ठेवून, शक्य असेल तर महामार्गावर एक फेरी मारून तो ऐकावा आणि आरएमएस, ओहम व संवेदनशीलता हे तीन आकडे बिलावर लिहून घ्यावेत.