केळीचा हरण्या आणि शेजारची काकडी

मृगबागेच्या केळीत कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसले, की खानदेशातला शेतकरी ओळखतो: हरण्या आला. हा कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. यावर औषध नाही; झाड मुळासकट उपटून नष्ट करायचे. मग पाहणीचा उपयोग काय? उपयोग असा, की रोगट झाड लवकर सापडले तर फैलाव रोखता येतो; कारण हा विषाणू मावा वाहून नेतो आणि विषाणू काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, बांधावरचे तण यांवरही मुक्काम करतो. म्हणून पहूर असो की रावेर, केवळ केळी पाहून भागत नाही.

फवारणी पुरेशी आहे, हे म्हणणे मला पटत नाही. मावा रोगट पानातून काही क्षणांत विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडात सोडतो. औषध त्याला मारेपर्यंत काम झालेले असते. पाहणीला वेळ नसल्याची शेतकऱ्याची अडचण मात्र खरी आहे. शासनाने 2009-10 पासून क्रॉपसॅप व पुढे फळबागांसाठी हॉर्टसॅप हे कीड-रोग सर्वेक्षणाचे प्रकल्प चालवले, पण प्रत्येक शेतात कीड सर्वेक्षक पोचणार नाही. आठवड्यातून एकदा नागमोडी चालत पाने उलटून पाहा. रोगट झाड दिसताच त्याच दिवशी उपटा, आणि शेजाऱ्यालाही सांगा.